गच्चीवरची काच

माझं धुलाईचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. दवाखान्याच्या चादरी, दोन हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि गल्लीतल्या लोकांचं जे काय असेल ते आमच्याकडे येतं. मी फारशी शिकलेली नाही. वाचता येतं, सही येते, आणि कोणी चादरीवरचा डाग माझ्या माथी मारायला आला तर तो डाग मुळात कोणाचा, हे त्याला तोंडावर सांगता येतं. आमच्याकडून गेलेली चादर पांढरी म्हणजे पांढरी. एवढ्या एका गोष्टीवर मी जन्मभर नाक वर करून चालले. पुढे जे झालं ते ह्या नाकापायीच.

गल्लीच्या तोंडाशी दगड कापायचा कारखाना आहे. दिवसभर पाती फिरतात, संध्याकाळी बंद होतात. त्याला लागून पहिलं घर आमचं. वाळलेल्या चादरी काढताना मी प्रत्येक चादर दोनदा झटकते आणि झटकल्यावर काय उडतं ते मला दिसतं. पण ते मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. धुलाईवालीने आपल्या गच्चीवर धूळ पडते म्हणायचं, म्हणजे डॉक्टरने आपल्याला रक्त बघून भोवळ येते म्हणायचं.

माझी नात भिंगरी कॉलेजात पर्यावरण शिकते. भिंगरी हे मी ठेवलेलं नाव. लहानपणी एका जागी टिकायची नाही. शेवटच्या वर्षाला त्यांना एक प्रकल्प असतो. प्रश्न स्वतःच शोधायचा आणि उत्तरही स्वतःच काढायचं. मॅडम फक्त रस्ता चुकला तर हाक मारणार. भिंगरीने शोधलेला प्रश्न असा, की कारखान्याची धूळ गल्लीत कुठवर जाते.

जेवताना तिने सगळं समजावून सांगितलं. तळहाताएवढ्या काचा घ्यायच्या, त्यांना ब्रशने व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा आणि उघड्यावर ठेवायच्या. उडती धूळ त्याला चिकटते. आठवड्याने काच उचलायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून कण मोजायचे. एक काच आमच्या गच्चीवर, एक समोरच्या शिवणवालीच्या गॅलरीत, एक शाळेच्या पत्र्यावर, एक वाचनालयावर, एक पार बागेच्या कुंपणाशी.

"आणि मोजून झाल्यावर?" मी विचारलं.

"तक्ता करायचा. कुठे किती, ते उभ्या पट्ट्यांनी दाखवायचं. जितकी धूळ जास्त तितकी पट्टी उंच."

"पट्टीखाली काय लिहिणार?"

"जागेचं नाव. धुलाई दुकानाची गच्ची, शिवणवालीची गॅलरी..."

"आणि हा तक्ता तुझ्या वहीत राहणार ना?"

"वहीत कशाला? कॉलेजच्या व्हरांड्यात लावणार. सगळे येतात बघायला, आईवडील, गावातले लोक. आजी, तूही यायचंस."

"आपली पट्टी किती उंच होईल?"

"सगळ्यात उंच," भिंगरी घास चावत म्हणाली. "सगळ्यात जवळ आपणच आहोत की."

ती आनंदाने सांगत होती. मला मात्र व्हरांड्यातली गर्दी दिसत होती. दवाखान्याची मेट्रन, हॉटेलवाला, सगळे मान वर करून बघतायत आणि सगळ्यात काळी, सगळ्यात उंच पट्टी कुणाची? धुलाईवालीची. माझ्या घासाची चवच गेली.

शुक्रवारी संध्याकाळी पाती थांबली. मी नेहमीसारखी चादरी काढायला वर गेले. काच कठड्याजवळच्या स्टुलावर होती, करडी झालेली. मी ओल्या फडक्याने ती पुसली. पुसल्यावर व्हॅसलीनही गेलं, तेव्हा खाली आले, टाचांच्या भेगांना लावायची माझी डबी घेतली आणि काचेवर बोटाने नीट लावून दिलं. शनिवारी सकाळी भिंगरी काच घेऊन गेली.

कळत नव्हतं म्हणून केलं, असं मी म्हणणार नाही. तिची काच तिची होती, एवढं मला कळत होतं. पण मी मनाशी म्हटलं, काच आमच्या गच्चीवर, गच्ची माझी, आणि माझ्या गच्चीवर मी घाण ठेवत नाही.

पुढच्या शुक्रवारीही पुसली. आणि त्याच्या पुढच्याही.

भिंगरी मोजून आली की आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसायची. एकदा स्वयंपाकघरात कागद पसरून बसली आणि सुनेला म्हणाली, "आई, काहीतरी चुकतंय. शिवणवाल्या काकूंकडे एवढी धूळ आणि आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही. आपण तर कारखान्याला चिकटून आहोत."

"मोजण्यात चुकली असशील," सून इस्त्री फिरवत म्हणाली.

"तीनदा मोजलं."

"मग आपलं घर स्वच्छ आहे," मी म्हणाले. "त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं, पण ते ऐकल्यासारखं नव्हे. डोक्यात आकडेच फिरत होते. काच स्टुलावरून उचलून तिने टाकीवर ठेवली. मी टाकीवर चढले, ह्या वयात. मग तिला वाटलं ब्रश खराब आहे, नवा आणला. मग वाटलं डोळे. चष्म्याचा नंबर तपासून आली. एका दुपारी मी चादरी घेऊन वर गेले तर ती कठड्याला टेकून कारखान्याकडे बघत रडत होती. मला बघून तोंड पुसलं.

"काय गं?"

"काही नाही. मॅडम म्हणाल्या, आकडा पटत नाही म्हणून टाकून द्यायचा नसतो. का आला ते शोधायचं. मला सापडत नाही, आजी. मला हे जमत नाही बहुतेक."

त्या वेळी सांगायला हवं होतं. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जमेल गं. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस." आणि त्या शुक्रवारी पुन्हा पुसली. आता मध्येच थांबले असते तर आकडा एकदम वर गेला असता आणि मग पकडले गेले असते. एवढा हिशेब मला बरोबर सुचला.

शेवटी तिने स्वतःच एक कारण शोधून काढलं. कारखान्याची भिंत उंच, तिच्यावरून वारा उसळी मारतो, धूळ वरच्या वर आमच्या घरावरून उडून पुढे पडते. पुस्तकं बघून, चित्र काढून तिने ते तक्त्यात मांडलं. मॅडमना पटलं. चांगल्यातला एक प्रकल्प दुसऱ्या शहरात, सगळ्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसमोर मांडायला पाठवणार होते, आणि तो भिंगरीचाच जाईल असं मॅडम बोलूनही गेल्या. घरात पोरगी पुन्हा भिंगरी झाली. मला वाटलं, सुटले. कुणाचं काही बिघडलं नाही, उलट बरंच झालं.

तक्ते लावले त्या दिवशी मी ठेवणीतले कपडे घातले. व्हरांड्यात दोन्ही भिंतींना तक्ते, प्रत्येकाशेजारी एकेक पोर किंवा पोरगी ताठ उभी. कुणी तळ्यातले मासे मोजलेले, कुणी ओल्या कचऱ्याचं खत केलेलं. भिंगरीच्या तक्त्यासमोर लाकडी पेटीत तिच्या काचा मांडलेल्या. आमची पट्टी इतकी बुटकी, की तिच्यावर मुंगीही सहज चढली असती. आणि शेजारी शिवणवालीची, ताडासारखी.

शिवणवाली आलेली होतीच. तिच्या गॅलरीत काच ठेवली होती म्हणून भिंगरीने तिला बोलावलं होतं. ती माझ्याहून लहान, पण चार पावलं चालली की थांबते आणि खोकते. मला राहवलं नाही.

"बघितलीत का तुमची पट्टी? शिडी लावून बघावी लागेल."

"बघितली," ती म्हणाली.

"गॅलरी झाडता ना अधूनमधून?"

"झाडते हो. झाडलं की पुन्हा खोकते. तक्ता बरा, त्याला खोकावं लागत नाही."

सुनेने माझा दंड दाबला. "आई, आज तरी नको."

तेवढ्यात परीक्षक आले. बाहेरच्या कॉलेजातले, चष्मा गळ्यात दोरीला टांगलेला, बोलणं कमी. त्यांनी भिंगरीला सगळं विचारलं आणि ती छान बोलली. वाऱ्याच्या उसळीचं चित्र त्यांना आवडलेलं दिसलं. मॅडम मागे हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या. मग परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पेटीतली आमची काच उचलून उजेडात धरली. दुसरी धरली. पुन्हा आमची.

"ह्या चार काचांवर व्हॅसलीन ब्रशने लावलंय," ते म्हणाले. "पातळ, एकसारखं. ह्या एकीवर जाड आहे आणि बोटाने लावलंय. हे बोटाचे फराटे बघा."

भिंगरी पुढे झाली. "नाही सर, मी सगळ्यांना ब्रशनेच..."

"ही काच गच्चीवर ठेवलीच नव्हती. बरोबर? घरचीच जागा, रोज कोण वर चढणार. आदल्या दिवशी बोटाने व्हॅसलीन फासलं आणि आणली. म्हणून धूळ नाही. आणि मग वाऱ्याची ही गोष्ट रचली."

"सर, ठेवली होती. दर आठवड्याला ठेवली होती."

"मग हे बोट कुणाचं?"

व्हरांड्यातली बडबड थांबली. आजूबाजूची पोरं आपापले तक्ते सोडून इकडे बघायला लागली. मॅडमचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या हळूच म्हणाल्या, "खरं काय ते सांग, बाळ."

आणि मी काय केलं? मी पुढे सरसावले.

"ओ साहेब! कुणाला खोटं म्हणताय? ही माझी नात आहे. आमच्या घरात कुणी खोटेपणा करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या करत नाही! आमच्या गच्चीवर धूळ नसतेच मुळी, या तुम्ही बघायला!"

माझा आवाज मोठा आहे. धुलाईच्या यंत्रांवरून हाका मारून झालेला. व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेला असणार. भिंगरीने काच हातात घेतली होती. फराट्यांवरून तिने बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. माझ्या टाचांच्या डबीत मी कापूर घालते. घरभर त्याचा वास असतो.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. ती नुसती बघत राहिली, एखादा शब्द वाचता येत नसावा तशी. मग काच पेटीत ठेवली आणि परीक्षकांकडे वळली.

"माझ्याकडे उत्तर नाही, सर."

"उत्तर नाही तर मला नमुना बनावट आहे असं लिहावं लागेल. त्याचा अर्थ कळतो ना तुला? प्रकल्प रद्द."

"कळतो."

"अगं बोल की!" मी म्हणाले.

"आजी, पुरे," ती म्हणाली. अगदी हळू.

परीक्षक पुढच्या तक्त्याकडे निघाले. कोणीतरी माझ्या कोपराला हात लावला. वळून बघते तर शिवणवाली. तिची गॅलरी आमच्या गच्चीच्या समोरासमोर. दर शुक्रवारी संध्याकाळी ती मशीन घेऊन तिथेच बसते, उजेडासाठी. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. मी टाकीवर चढले होते तेही तिने बघितलं असणार.

"मी काही सांगणार नाही," ती खोकला आवरत म्हणाली. "माझं तोंड तुमच्यासारखं नाही."

मला वाटलं जमीन फाटावी. एवढी वर्षं मी तिला गॅलरीवरून, तिच्या खिडकीच्या गजांवरच्या धुळीवरून टोमणे मारत आले, आणि तिने हातात आलेली संधी सोडून दिली. माझ्यावर दया केली. माझ्यावर!

मी परीक्षकांच्या मागे गेले. "साहेब, थांबा."

"आजीबाई, तुमची नात आहे, तुम्हाला वाईट वाटणार. पण..."

"ते बोट माझं आहे."

ते थांबले. मी माझं बोट पुढे केलं, जसं काही ते ओळखूनच घेणार होते.

"मी काच पुसायचे. पुसून माझ्या टाचांचं व्हॅसलीन लावायचे. पोरीला माहीत नव्हतं."

"का?"

मागे सून, मॅडम, ती माशांवाली पोरगी, खतवाला पोरगा, आणि दवाखान्याची मेट्रनसुद्धा, कधी आली होती कोण जाणे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आमची पट्टी उंच दिसेल म्हणून," मी म्हणाले. "माझं धुलाईचं दुकान आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. ते मला भिंगरीसमोर घेऊन गेले आणि म्हणाले, "हे हिच्यासमोर पुन्हा सांगा. नीट. कधी पुसायचात, कशाने, दर आठवड्याला की कधीकधी. हिला ते लागेल."

मग मी सांगितलं. ती कागदावर लिहून घेत होती, मान खाली. पत्र्यावरच्या काचेबद्दल जसे तिने शाळेच्या शिपायाला प्रश्न विचारले असतील तसेच मला विचारले.

"ओल्या फडक्याने की कोरड्या?"

"ओल्या."

"पाती थांबायच्या आधी की नंतर?"

"नंतर. शुक्रवारी संध्याकाळी."

"प्रत्येक शुक्रवारी?"

"प्रत्येक."

तिचं पेन थांबलं. "सर, मग काचेवर फक्त शुक्रवारच्या रात्रीची धूळ राहिली. रात्री कारखाना बंद असतो."

"म्हणजे?" परीक्षकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. तिच्याकडून हवं होतं.

"म्हणजे ह्या जागेची सगळी मोजणी फुकट. काहीच वापरता येणार नाही." मग तक्त्यावरच्या चित्राकडे बघत, "आणि वाऱ्याची उसळीही चूक. ती मी आकडा खरा धरून रचली होती."

"हो."

"मी टाकीवर ठेवून बघितली," ती म्हणाली, आता माझ्याकडे बघत. "मी चष्म्याचा नंबर काढून आले. गच्चीवर मी तुला सांगितलं, मला हे जमत नाही. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास."

मेट्रन तिथेच होती, शिवणवाली होती, पण त्या क्षणी त्यांचं काही वाटत नव्हतं. त्या सगळ्या मिळून मला हसल्या असत्या तरी ते परवडलं असतं.

परीक्षकांनी बनावट लिहिलं नाही. प्रकल्प अपुरा, असं लिहिलं. घराजवळची मोजणी पुन्हा करून पुढच्या सत्रात द्यायची. भिंगरीने मॅडमकडून जाड पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर तक्त्यावरची आमची बुटकी पट्टी खोडली, वाऱ्याचं चित्र खोडलं. दुसऱ्या शहरात खताचा प्रकल्प गेला. तो पोरगा तिला सांगायला आला तर हिने त्याचं अभिनंदन केलं, आणि खरंच मनापासून केलं. ते बघणं मला सगळ्यात जड गेलं.

घरी येताना सून माझ्या बाजूने चालत होती, भिंगरी पुढे. "आई," सून म्हणाली, "मला तरी सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस का?"

"नाही."

"मग?"



दुसऱ्या दिवशी भिंगरी नवी काच घेऊन दुकानात आली. "गच्चीची किल्ली दे."

"मी वर जाणारच नाही."

"किल्ली दे, आजी."

कमरेची किल्ली मी काढून दिली. घर बांधल्यापासून ती माझ्या कमरेला होती. आता चादरी मागच्या खोलीत दोऱ्यांवर वाळतात, पंखा लावून. वाळायला वेळ लागतो, गिऱ्हाइकं कुरकुरतात. का म्हणून विचारलं तर मी सांगते, गच्चीवर धूळ पडते. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली होती. आता होत नाही, असंही नाही.

शनिवारी मेट्रन चादरी न्यायला आली होती. त्याच वेळी भिंगरी वरून उतरली आणि पेटीत ठेवायच्या आधी काच टेबलावर टेकवली. इतकी करडी झालेली, की खालचं लाकूड दिसत नव्हतं.

"हे काय गं?" मेट्रनने विचारलं.

भिंगरी पेटीचं झाकण शोधत राहिली. मी बोलले.

"आमच्या गच्चीवरची धूळ. एका आठवड्याची."

मेट्रनने काचेकडे बघितलं, मग चादरींच्या गठ्ठ्याकडे, मग माझ्याकडे. काच जवळून बघायला म्हणून वाकली.

"हात लावू नका," भिंगरी म्हणाली.

कुणाला म्हणाली, ते कळलं नाही. मी माझे दोन्ही हात टेबलावरून काढून घेतले.